बॉम्ब डिस्पोजलच्या जवानांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मदत पाठवताय? आधी क्रम नीट समजून घ्या

सुरुंग काढताना नाहीतर आयईडी म्हणजे अतिरेक्यांनी जोडून बनवलेला बॉम्ब निकामी करताना जवान गेल्याची बातमी आली की दोन तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक अकाउंट नंबर फिरायला लागतो, आणि चांगली चांगली माणसं डोळे झाकून त्यावर पैसे टाकतात. मग कुणाचं ट्रान्झॅक्शन फेल होतं, कुणाचे पैसे भलत्याच खात्यात जातात. आणि जे अगदी बरोबर सरकारी खात्यात जातात ते सुद्धा कितीतरी वेळा ज्या घरासाठी दिले त्या घरापर्यंत जाऊच शकत नसतात, कारण तो निधी तशा घटनेसाठी नसतोच मुळी. हा शेवटचा घोळ सगळ्यात जास्त होतो आणि देणाऱ्याला कधी कळतही नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग घटना, मग गरज आणि सगळ्यात शेवटी खातं. बहुतेक जण सुरुवातच खात्यापासून करतात आणि तिथेच गडबड होते.

टप्पा १: जवान कुठल्या दलाचा होता ते बघा

बॉम्ब निकामी करणारे सगळे एकाच खात्याचे नसतात. टीव्हीवर तोच जाड सूट, तेच हेल्मेट दिसतं म्हणून आपल्याला वाटतं सगळे आर्मीचेच. तसं नाहीये.

१. लष्कराचे इंजिनिअर्स म्हणजे सॅपर्स. सुरुंग पेरणं, काढणं, न फुटलेले बॉम्ब आणि गोळे निकामी करणं हे मुख्यतः यांचं काम. खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप यातलाच, आणि दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये म्हणजे सीएमईत या कामाचं ट्रेनिंग होतं.

२. ऑर्डनन्स कोअर. दारूगोळ्याचे डेपो सांभाळणं, जुना किंवा खराब झालेला माल नष्ट करणं. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव.

३. एनएसजी म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्ड. हे गृह मंत्रालयाखाली येतं, पण त्यातले बरेच जण लष्करातून डेप्युटेशनवर आलेले असतात. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला स्फोटकं हाताळताना गेलेले लेफ्टनंट कर्नल निरंजन असेच, मूळचे लष्करी अधिकारी आणि तेव्हा एनएसजीच्या बॉम्ब पथकात. अशा केसमध्ये कुठल्या खात्यातून मदत निघेल हे बातमीवरून कळत नाही, विचारावंच लागतं.

४. राज्य पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक, बीडीडीएस. हे पोलीस, लष्कर नाही. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात गेले ते राज्य पोलिसांच्या क्यूआरटीचे म्हणजे शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक होते. अशा वेळी आर्मीच्या फंडात टाकलेला पैसा त्यांच्या घरी जाणार नाही. पोलिसांसाठी मदत करायची तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारा, तो रस्ताच वेगळा.

तपासा: दल आणि हुद्दा, दोन्ही कागदावर लिहिलेत का? हुद्दा कशाला असं वाटेल, पण काही योजना फक्त हवालदार हुद्द्यापर्यंतच आहेत, पुढे येईलच.

टप्पा २: घटना कशी झाली ते बघा, सगळ्यात जास्त चूक इथेच होते

लष्करात मृत्यू किंवा जखम कुठल्या प्रकारात नोंदवली गेली यावर पुढचं बरंच काही ठरतं. ढोबळपणे दोन प्रकार: बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. एलओसीवर सुरुंग काढताना किंवा अतिरेक्यांनी लावलेला आयईडी निकामी करताना काही झालं तर साधारण पहिल्या प्रकारात धरतात. पण ट्रेनिंगमध्ये डिमॉलिशनची म्हणजे स्फोटकं लावून उडवण्याची प्रॅक्टिस चालू असताना स्फोट झाला, किंवा डेपोत जुना माल नष्ट करताना अपघात झाला, तर ती लढाईतली घटना धरली जाईलच असं नाही. घरच्यांसाठी दुःख तेच आहे हो, दोन्हीकडे माणूस गेलाय, पण निधीच्या नियमात फरक पडतो आणि आपण पैसे देताना तो समजून घेतला नाही तर मदत भलतीकडे जाते.

तिसरा एक गट आहे ज्याचं नाव कोणी घेत नाही आणि मला त्यांच्याबद्दल फार वाटतं. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगावच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवत असताना स्फोट झाला, ६ जण गेले, त्यात रोजंदारीने पेट्या उतरवणारे आजूबाजूच्या गावातले कंत्राटी मजूर होते. काम तेच, धोका तोच, पण ते सैनिक नाहीत, म्हणून सैनिकांसाठीचा कुठलाही निधी त्यांना लागू होत नाही. अशा घरांना मदत करायची असेल तर थेट करावी लागते किंवा जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत. थेट मदतीचं टप्पा ६ आणि ७ मध्ये बघा.

थांबा: घटनेची नोंद कुठल्या प्रकारात झाली हे पेपरवाले सांगू शकत नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फोन करा. आणि हे घरच्यांना विचारू नका, निदान पहिल्या महिन्यात तरी नाही.

टप्पा ३: आता निधी निवडा

तीन मुख्य सरकारी रस्ते आहेत आणि यातल्या एकातही "बॉम्ब डिस्पोजल" असा वेगळा कप्पा नाही, म्हणून वरची दोन उत्तरं हातात असल्याशिवाय इथे यायचंच नाही.

१. आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड. तिन्ही दलांसाठी. प्रत्यक्ष लष्करी कारवाईत गेलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानांच्या घरच्यांना तातडीची मदत यातून मिळते. याची वेबसाइट "माँ भारती के सपूत" या नावाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. घटना लढाईतली असेल आणि तुम्हाला लगेच काहीतरी करायचं असेल तर हा रस्ता. ट्रेनिंगमधल्या अपघातासाठी हा नाही.

२. सशस्त्र सेना ध्वजदिन निधी. दर ७ डिसेंबरला शाळेत, ऑफिसात ज्याचं तिकीट आपण घेतो तोच. हा केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो आणि माजी सैनिक, वीरपत्नी, अवलंबित मुलं यांच्यासाठी वर्षानुवर्षं चालतो. मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, उतारवयात पेन्शन नसलेल्यांना महिन्याची मदत असं सगळं यातून होतं. खडकी आणि मोहालीची पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर्स आणि डेहराडूनची दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठीची सेंट डन्स्टन्स संस्था यांनाही केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान जातं. स्फोटात डोळे, हात, पाठीचा कणा गमावलेल्या माणसाला नेमकं हेच लागतं, म्हणून माझं स्पष्ट मत: कुठला एक ठराविक जवान डोक्यात नसेल आणि नुसतं "या लोकांसाठी काहीतरी करायचंय" असं असेल तर डोळे मिटून ध्वजदिन निधीत द्या.

३. भारत के वीर. एप्रिल २०१७ पासून गृह मंत्रालयाचं आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, सीआयएसएफ, आसाम रायफल्स, एनएसजी, एनडीआरएफ यांच्यासाठी. इथे एका जवानाच्या नावाने त्याच्या घरच्यांच्या खात्यात थेट देता येतं आणि एका कुटुंबाला १५ लाखांची मर्यादा आहे, ती भरत आली की दुसऱ्या कुटुंबाला किंवा सामायिक निधीला द्यायला सुचवतात. लष्कराचा सॅपर इथे शोधत बसू नका, सापडणार नाही, आणि राज्य पोलिसही नाही.

नेहमीची चूक: तिन्हीकडे थोडे थोडे टाकणे. दोन हजार रुपये तीन ठिकाणी वाटण्यापेक्षा बरोबर ठिकाणी एकदाच टाका आणि पावती नीट जपा.

टप्पा ४: पैसे पाठवायच्या आधीची झडती

फॉरवर्ड आलेला नंबर खरा वाटला तरी तो वापरायचा नाही, ही एकच सवय लावून घ्या. एप्रिल २०२५ मध्ये एक मेसेज जोरात फिरला, की कॅबिनेटने निर्णय घेतलाय, अमुक अभिनेत्याने सुचवलंय, लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी आणि जखमी जवानांसाठी या खात्यात पैसे भरा. संरक्षण मंत्रालयाला जाहीर खुलासा करावा लागला की मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि त्यातले खात्याचे तपशीलही चुकीचे आहेत, त्यामुळे लोकांचे ऑनलाइन पैसे परत जातायत. म्हणजे देणाऱ्याची भावना खरी, निधी खरा, आणि मधला मेसेज खोटा.

झडती अशी घ्या:

- वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" आहे ना ते अक्षर अक्षर बघा. गूगलवर सगळ्यात वर येणारी लिंक जाहिरात असू शकते.
- मेसेजमध्ये सिंडिकेट बँकेचं नाव असेल तर तो मेसेज जुना आहे. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. २०१६ चा असा एक मेसेज अजून फिरतोय.
- क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. तिथे कुठल्या माणसाचं नाव आलं, तर लगेच बंद करा, मग तो "मी जवानाचा मित्र" का म्हणेना.
- "आज रात्री १२ पर्यंतच" असं कुठलाही सरकारी निधी म्हणत नाही.

चुकून गेलेच पैसे, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेला सांगा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

टप्पा ५: पैसे पाठवणं आणि पावती

१. आधी नाव, पॅन, पत्ता, ईमेल नीट भरा. घाईत पॅन रिकामा ठेवतात आणि नंतर मार्चमध्ये पावतीसाठी धावतात.

२. रोख टाळा. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जी ची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट मिळत नाही. ध्वजदिनाला ऑफिसात रोख गोळा होतं तेव्हा हे कोणी सांगत नाही.

३. ट्रान्झॅक्शन नंबरचा स्क्रीनशॉट काढा आणि पावती लगेच डाउनलोड करा. खासगी ट्रस्टला दिले असतील तर १०बीई हे सर्टिफिकेट त्यांच्याकडून मागून घ्या, नुसती छापील पावती रिटर्न भरताना पुरत नाही.

४. तुम्ही नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०जी ची सूट नाहीच. बऱ्याच जणांची आता नवीनच रिजीम आहे आणि त्यांना हे माहीत नसतं. सूट नाही म्हणून देऊ नका असं अजिबात म्हणत नाहीये, फक्त हिशोब आधी करून ठेवा.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट बदलला असेल, ओसीआय असाल, तर मात्र धरतात, आणि मग इथल्या खासगी ट्रस्टकडे एफसीआरएची म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं त्यासाठीचं खातं आहे का ते आधी विचारा. नाहीतर तुमच्या देणगीने त्या बिचाऱ्या संस्थेलाच नोटीस यायची. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि तिथल्याच लोकांसाठी द्यायचं असेल तर तिथे फेलिक्स फंड ही फक्त याच कामातल्या लोकांसाठी आणि घरच्यांसाठी चालणारी चॅरिटी आहे, २०११ पासून.

टप्पा ६: सोसायटी, मंडळ किंवा गावातर्फे गोळा करणार असाल तर

इथे हेतू सगळ्यात चांगला आणि हिशोब सगळ्यात कच्चा असतो.

पहिलं म्हणजे परवानगी. गणपती मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून ४१सी ची परवानगी घ्यायची सवय आहे, पण जवानाच्या घरच्यांसाठी डबा फिरवताना "यात कसली परवानगी" म्हणून सोडून देतात. लोकांकडून वर्गणी म्हणून पैसे घेताय तर तीच पद्धत पाळा.

दुसरं, कार्यकर्त्याच्या खासगी यूपीआयवर पैसे घेऊ नका. त्याचे स्वतःचे पैसे आणि हे पैसे एकत्र होतात, मग कितीही प्रामाणिक माणूस असला तरी बोलणारे बोलतात. नोंदणीकृत मंडळाचं खातं असेल तर ते वापरा, नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येकाने थेट निधीत भरावं आणि ग्रुपवर फक्त पावत्या टाकाव्यात.

तिसरं, आणि याची खरंच काळजी घ्या: मोठी रक्कम थेट कुटुंबाला दिली की टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५०,००० रुपयांच्या वर भेट मिळाली तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टमार्फत दिली तर हा नियम लागत नाही. एक फोन सीएला, चेक लिहायच्या आधी.

थांबा: बॅनरवर युनिटचं नाव, कुठे तैनात होता, कुठलं उपकरण वापरत होता, हे छापू नका. त्याचे सोबती अजून तिथेच काम करतायत.

टप्पा ७: घरी थेट मदत द्यायची तर कोणाच्या हातात

बायको आणि आईवडील यांच्यात पैशावरून ताण येतो हे अवघड सत्य आहे, आणि बऱ्याचदा तो ताण आपण बाहेरचे लोकच वाढवतो, व्यासपीठावर बोलावून सासऱ्यांच्या हातात मोठा चेक देतो आणि सुनेला मागे खुर्चीवर बसवतो. म्हणून:

१. आधी वीरपत्नीशी आणि आईवडिलांशी वेगवेगळं बोला, शक्यतो गावातल्या एखाद्या जाणत्या माजी सैनिकाला सोबत घेऊन.

२. रक्कम वाटायची ठरली तर दोन वेगळे अकाउंट पेयी चेक. एकाच्या नावाने देऊन "तुम्ही आपसात बघून घ्या" असं अजिबात करू नका.

३. मुलांसाठी असेल तर मुलाच्या नावाची एफडी, पालक म्हणून आई. सर्टिफिकेटची झेरॉक्स घरच्यांकडे आणि मंडळाकडेही.

४. तेराव्याच्या आत पैशाचा विषय काढू नका. त्या दिवसांत जेवणाचा डबा, पाहुण्यांची सोय, स्टेशनवरून ने-आण एवढंच पुरे.

५. शाळेच्या फीसाठी पैसे देण्याआधी विचारा. लढाईत गेलेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांना ट्यूशन फी, हॉस्टेल, पुस्तकं, युनिफॉर्म यासाठी संरक्षण मंत्रालयाची सवलत आहेच. जे त्यातून मिळत नाही ते द्या: क्लास, लॅपटॉप, आईच्या ड्रायव्हिंग किंवा टायपिंगचा कोर्स.

फोटो? घरच्यांनी स्वतःहून म्हटलं तरच.

टप्पा ८: जखमी जवान असेल तर

याच्याकडे लक्ष सगळ्यात कमी जातं. स्फोटातून वाचलेल्या माणसाचा हात किंवा पाय जातो, कानात सतत आवाज येत राहतो, ऐकू कमी येतं, झोप लागत नाही, दार आपटलं तरी दचकतो. पहिल्या महिन्यात सगळे भेटायला येतात आणि खरी गरज दोन वर्षांनी सुरू होते.

पुण्यात यासाठी मोठी सोय आहे. आर्टिफिशियल लिम्ब सेंटर १९४४ पासून कृत्रिम अवयव बसवतंय. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंगत्व आलेल्या सैनिकांना कामधंद्याचं शिक्षण देतं. खडकीचंच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून कण्याला इजा झालेल्यांसाठी आहे. मदतीचा क्रम असा:

१. आधी ऑफिसात फोन करून विचारा काय हवंय. वापरलेल्या व्हीलचेअर, जुने कपडे घेऊन थेट गेटवर जाऊ नका. लष्करी भाग आहे, आयडी आणि आधी ठरवलेली वेळ लागते.

२. बाहेरगावाहून घरचे आले असतील तर त्यांची राहण्याची, जेवणाची सोय विचारा. पुण्यातल्या लोकांना हे सहज जमण्यासारखं आहे आणि त्याला निधीचा कुठलाच नियम आडवा येत नाही.

३. नोकरी देऊ शकत असाल तर कोर्स संपायच्या आधी संस्थेशी बोला. कंपनीत असाल तर एचआरला सांगा की माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे अवलंबित यांच्यासाठीचा खर्च सीएसआरमध्ये म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांच्या खर्चात बसतो.

तपासा: त्या माणसाला नक्की काय झालं, कसं फुटलं, हे विचारलंत का? विचारू नका. तो सांगेल तेव्हा ऐका.

टप्पा ९: कागदपत्रांची मदत, जी पैशापेक्षा जास्त उपयोगी पडते

आपल्याकडे कितीतरी वीरपत्नींना योजना माहीत असतात पण ऑनलाइन फॉर्म भरता येत नाही, किंवा एका कागदावर नाव "सुनीता" आणि दुसऱ्यावर "सुनिता", तेवढ्यावर अर्ज परत येतो. तुम्हाला दोन तास कॉम्प्युटरवर बसता येत असेल तर हे करा.

१. सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून. तिथून मिळणारं ओळखपत्र आहे का ते बघा, त्याशिवाय पुढे काही सरकत नाही.

२. एक फाइल बनवा: पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक किंवा मृत्यूसंबंधी युनिटचे कागद, आधार, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि मार्कशीट. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्ज भरायच्या आधी बघा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, इंजिनिअर्सचा जवान असेल तर त्याच्या ग्रुपच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, बॉम्बे सॅपर्सचं म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीलाच आहे.

३. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर अर्ज. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना रक्कम दुप्पट झालीये: शिक्षणासाठी दर मुलामागे महिना २,००० रुपये (दोन मुलांपर्यंत), मुलीच्या लग्नासाठी १,००,०००, आणि ६५ च्या पुढच्या, पेन्शन नसलेल्यांना महिना ८,०००. या योजना हवालदार हुद्द्यापर्यंतच्या आहेत. फॅमिली पेन्शन चालू असेल तर शेवटची, महिना ८,००० ची मदत मिळत नाही, उगाच अर्ज करून आशा लावू नका.

४. लग्नाच्या अनुदानाला मुदत आहे, लग्नानंतर १८० दिवस. लग्नघरात हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून पत्रिका हातात आली की तुम्हीच तारीख मोजून मोबाइलवर रिमाइंडर लावा.

५. अर्ज सबमिट झाला की प्रिंट काढून जिल्हा कार्यालयात तपासणीला कधी बोलावतात ते विचारा. ऑनलाइन भरला म्हणजे झालं असं समजून मूळ कागद घेऊन कोणी जातच नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो.

आणि ओटीपी. फॉर्म तुम्ही भरलात तरी मोबाइल नंबर आणि ईमेल वीरपत्नीचाच टाका, पासवर्ड तिच्या वहीत तिच्या हाताने लिहून घ्या. ईमेल नसेल तर आधी तो काढून द्या, मगच फॉर्म उघडा.